साठ तासांची बुत्ती

सकाळी साडेसातला गडहिंग्लजच्या बाजारात शिरताना मिरची आधी घशाला कळते, मग डोळ्यांना दिसते. पुढचा माणूस खोकतो. त्याच्या मागची बाई खोकते. मग मी. पोत्यांशी मांडी घालून बसलेले विक्रेते तेवढे निवांत चहा पितायत. त्यांचे घसे केव्हाच निबर झालेत.

फेब्रुवारी संपत आलाय. ऊन अजून कोवळं आहे, पण ते फार वेळ तसं राहणार नाही. रस्त्यावरून उसाची जोड-ट्रॉली जाते. मागे चार पोरं लोंबकळून ऊस ओढतायत. ट्रॅक्टरवरच्या गाण्याखाली सगळ्या बाजाराचा आवाज बुडतो आणि ट्रॉली पुढे गेली की पुन्हा वर येतो.

काकू पुढे, मी पिशव्या घेऊन मागे. त्यांचा थोरला फौजेत आहे. दोन महिन्यांची सुट्टी आज संपते. रात्री आठला पुण्याची एसटी. उद्या संध्याकाळी पुण्याहून झेलम एक्स्प्रेस. मग जम्मूपर्यंत दोन रात्री आणि मधला आख्खा दिवस.

"त्याची बुत्ती करायची हाय," काकू म्हणतात. सकाळपासून हे वाक्य चौथ्यांदा.

बुत्ती हा इकडचा शब्द. शिदोरी म्हटलं तरी कळतं, पण ते जरा पुस्तकातलं वाटतं. बुत्ती कानडीतली. वाटेसाठी, शेतासाठी फडक्यात बांधून घेतलेलं जेवण. ज्या टोपलीत भाकरी ठेवतात ती बुट्टी, आणि तिच्यातून निघून फडक्यात जाते ती बुत्ती. पहिल्यांदा आले तेव्हा माझा यात गोंधळ व्हायचा. गोंधळ व्हायचा असं आणखी एक म्हणजे इथल्या बायकाही 'मी करतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्यात मी 'करते' असते. इथे दोन दिवस राहिले की माझंही 'करतो' होतं आणि कुणाला काही वाटत नाही.

मिरची आज घ्यायची नाही. ती आठवड्यापूर्वीच घेऊन, देठं खुडून, वाळवून ठेवलीय. तरी काकू पोत्याशी थांबतातच. "घ्याची न्हाई, पर बघाय काय जातंय?" एक लांब, बारीक, सुरकुतलेली मिरची उचलतात आणि कानाशी धरून हलवतात. आत बिया वाजतात. दुसरी उचलतात. ती वाजत नाही, वाकते. काकू ती परत पोत्यात टाकतात आणि विक्रेत्याकडे असं बघतात, की त्यानंच नजर चुकवावी.

ही जवारी. बाहेर हिला संकेश्वरी म्हणतात. संकेश्वर पलीकडे, कर्नाटकात, पंधराएक किलोमीटरवर. पलीकडच्या पोत्यात ब्याडगी. रंग असा की हात लाल व्हावा, पण तिखटपणा बेताचा. ती हावेरी जिल्ह्यातून येते. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय. काकूंच्या चटणीत दोन वाटे जवारी, एक वाटा ब्याडगी. "जवारी जिभंला, ब्याडगी डोळ्याला," त्या म्हणतात आणि शेंगदाण्यांकडे वळतात.

शेंगदाण्यांपाशी फार वेळ जातो. काकू मूठभर दाणे हातात पसरतात. फोलपट फुंकतात. सुरकुतलेला, काळपट दाणा दिसला की बोटानं बाजूला. मग तीन दाणे तोंडात. पहिला, दुसरा, आणि तिसऱ्याला तोंड वाकडं.

"कडू हाय ह्यो."

"एखादा असतोय की आक्का," दुकानदार म्हणतो.

"एखाद्यानंच चटणी जाती."

दुकानदार दुसरं पोतं सोडतो. काकूंना त्या कडूपणाचं शास्त्र ठाऊक नसेल, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. दमट जागी पडलेल्या शेंगेवर एक बुरशी धरते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला बाधतं आणि भाजल्यानं पूर्ण जात नाही. कडू, काळा, सुरकुतलेला दाणा निवडून टाकणं हाच घरातला इलाज. चांगल्या दाण्यात मात्र वाटेला लागणारं सगळं असतं. चौथा हिस्सा प्रथिनं, निम्म्याच्या आसपास तेल, पाणी जवळजवळ नाही. दुसऱ्या पोत्यातले तीन दाणे काकू गिळतात. दोन किलो.

गूळ एक किलोची ढेप. पिवळाधमक नको, काळपट हवा. सुकं खोबरं, वाटी वाजवून. तीळ. कारळं. पंढरपुरी डाळं. चुरमुऱ्याचं पोतं बघून मला वाटतं, एवढं झालं की संपलं. काकू लिंबांकडे जातात. दहा लिंबं, सालीला डाग नसलेली. कांदे मुठीत मावतील एवढेच, मान वाळलेले. "मोठा कांदा चिरला की उरतोय. उरला की नासतोय. बुक्कीनं फोडून एका बैठकीत संपंल असा घ्याचा."

साडेनऊ वाजतात. ऊन आता पाठीला लागतंय.

कांडपाच्या गिरणीसमोर ओळ आहे. ओळीत माणसं कमी, डबे जास्त. स्टीलचे, पत्र्याचे, तेलाचे रिकामे प्लास्टिकचे. प्रत्येकावर खडूनं नाव. डबा ओळीत ठेवायचा आणि आपण सावलीला जायचं. पुढचा डबा आत गेला की कुणीतरी पायानंच सगळी ओळ एक वीत पुढे सरकवतं. आमचा अकरावा.

आत पत्र्याखाली लोखंडी मुसळं एकाआड एक उचलली जातात आणि खालच्या उखळात पडतात. धाड, धुड. धाड, धुड. जमीन तळव्यांना कळते. गिरणीतल्या बाईनं ओला टॉवेल नाकातोंडाला बांधलाय. भुवया, पापण्या, कपाळावरचे केस सगळे लाल. ती उलथन्यानं उखळाच्या कडेची भुकटी मध्ये ढकलते, मुसळ खाली यायच्या आत हात काढते. पुन्हा ढकलते, पुन्हा काढते. बघणाऱ्याचाच श्वास अडकतो.

चक्कीत दळलं तर पाच मिनिटांत होईल. पण चक्कीत चटणी तापते आणि तापली की वास उडतो, असं ओळीतल्या सगळ्या एकमुखानं सांगतात. सावलीला बसलेल्या बायकांत दुसरा विषय नाही. कुणाचा डबा कुठं जाणार, तोच.

"आमची पुण्याला. पोरगी हॉस्टेलला हाय."

"आमची मुंबैला. दोघं भाऊ, दोन डबं."

"आमची हितंच," एक म्हातारी म्हणते आणि सगळ्या हसतात.

इकडे चटणी म्हटलं की हीच. कांदा-लसूण-मिरचीची. भाजीत, आमटीत, पोह्यांत, भाकरीवर तेलात कालवून. बाकीच्या चटण्यांना आडनाव लावावं लागतं: शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची. काकूंचं प्रमाण मी वहीत उतरवून घेतलंय. एक किलो मिरचीला एक किलो कांदा, अर्धा किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धने, तीळ, खडा मसाला, आणि मीठ 'बक्कळ'. बक्कळचा आकडा त्या देत नाहीत. कांदा मात्र उभा चिरून चार दिवस माळवदावर. पाचव्या दिवशी मुठीत दाबून बघायचा. कुरकुरला तर तेलात तळायचा. मऊ लागला तर आणखी एक ऊन.

"कांद्यात पाणी ऱ्हायलं तर चटणी आंबती. म्हैन्यात बुरा येतोय वर," काकू सांगतात. शेजारची मान हलवते. तिची गेल्या वर्षी गेली होती. पावसाचं आभाळ आलं, घाई केली, आणि तीन किलो चटणी उकिरड्यावर.

अकरावा डबा आत जातो तेव्हा पावणेअकरा झालेत.

घरी दोन चुली. गॅसची ओट्यावर, लाकडाची मागच्या पडवीत. काकू मागच्या चुलीशी बसतात. थोरला सोप्यात कॉटवर उताणा, फोन छातीवर. भिंतीला त्याची काळी ट्रंक आणि हिरवी पिशवी.

"आई, गाडीत आता सगळं मिळतंय," तो आतूनच ओरडतो. "फोनवर मागीवलं की शिटावर आणून देतात."

काकू फुंकणी तोंडाला लावतात. उत्तर म्हणून चुलीतून धूर येतो.

त्या बोटांवर मोजतात. आज रात्री आठ ते उद्या पहाट, एसटी. उद्याचा दिवस पुणं. संध्याकाळपासून गाडी, ती परवाची रात्र ओलांडून तेरवा सकाळी जम्मू. मी कागदावर मांडते: नऊ, अधिक बारा, अधिक चाळीस. साठ तास आणि वर एखादा. दोन हजार किलोमीटरच्या वर रेल्वे, त्याआधी सुमारे तीनशे किलोमीटर एसटी. एवढ्या वाटेत ना फ्रीज, ना चूल, ना गरम करायची सोय.

घरात म्हैस आहे. दूध, दही, लोणी, कशाची वाण नाही. पण वाटेच्या जेवणात त्यातलं काही जाणार नाही. अंडी-मटणाचा प्रश्नच नाही. काकूंच्या गळ्यात माळ आहे. "दूध घराचं. वाटंला घेटलं की वैरी," त्या म्हणतात.

यावर मी जरा अडते. दशमी तर दुधातच मळतात. पाणी न घालता दुधात पीठ भिजवायचं, म्हणजे सोवळं-ओवळं पाळणाऱ्याला प्रवासात ती चालायची. पाणी लागलेलं अन्न बाहेर खायचं नाही, हा जुना नेम. काकूंना हे ऐकून हसू येतं. त्यांच्या घरात दशमी गुळाच्या पाण्यातली, आणि सोवळं कुणाच्या आजीनंही पाळलेलं नाही. "आमाला टिकाऊ पायजे. पवित्र नंतर बघू."

भात नाही. बटाट्याची भाजी नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी नाही. दही घातलेलं काही नाही. ही नकारांची यादी काकू तवा तापेपर्यंत म्हणतात, आरतीसारखी, न थांबता. भातावर त्यांचा राग विशेष. "सकाळचा भात सांजंला दिसतोय चांगला, पर पोट धरून बसीवतोय." खरं आहे. भातात एका जिवाणूची बीजं शिजवल्यावरही जिवंत राहतात, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानं मरत नाही. शिजवलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धोक्याचा पट्टा 5 ते 60 अंशांचा. म्हणजे एसटीची डिकी, स्टेशनचा बाकडा आणि स्लीपरचा डबा, सगळं त्या पट्ट्यातच.

मग उपाय एकच उरतो, पाणी काढून टाकणं. अन्नातलं किती पाणी जंतूंच्या हाती लागेल, ते मोजायची एक पट्टी आहे, शून्य ते एक. 0.85 च्या खाली गेलं की आजार आणणारे बहुतेक जिवाणू वाढायचे थांबतात. 0.6 च्या खाली बुरशीसुद्धा हात टेकते. मीठ आणि गूळ पाण्याला धरून ठेवतात, ऊन आणि तवा ते घालवतात. काकूंच्या पडवीत चारही आहेत. त्या पट्टीऐवजी मूठ वापरतात आणि कान वापरतात. कांदा कुरकुरला का? मिरची वाजली का?

तवा तापतो.

आधी धपाटी. जोंधळ्याचं पीठ, त्यात थोडं गव्हाचं, थोडं बेसन. तीळ, ओवा, हळद, आत्ताच कांडून आणलेली चटणी, मीठ. लसूण वाटून, तेलात परतून. कोथिंबीर नाही, ओली म्हणून. कांदा नाही, ओला म्हणून. पिठात कडकडीत तेल ओततात, चर्र आवाज होतो, मग उकळतं पाणी. जोंधळ्याला गव्हासारखा चिवटपणा नाही. उकळतं पाणीच त्याला बांधतं. पीठ जुनं असेल तर तेही बांधत नाही. "विरी गेलेलं पीठ," काकू म्हणतात, "त्येची भाकरी वाटंतच फुटती." म्हणून हे कालच दळून आणलेलं.

ओल्या फडक्यावर धपाटं थापलं जातं. पाच बोटांचा ठसा मधोमध. फडकं उचलून तव्यावर पालथं. भोवती तेल. एक बाजू, दुसरी बाजू. माझ्या मते झालं. काकू काढत नाहीत. पुन्हा उलटतात, उलथन्यानं कडा दाबतात. सुगंधाचा करपट वास होईल-होईल, तेवढ्यात उतरवतात. दुसऱ्यालाही तसंच.

"जास्त भाजतंय काकू. आज रात्रीच तर खाणार आहे ना हे?"

"असू दे."

22 धपाटी. ती बुट्टीत एकावर एक ठेवत नाहीत, उभी टेकवतात, पत्त्यांच्या बंगल्यासारखी, मध्ये हवा खेळेल अशी. वर जाळीचं झाकण. निवायला दोन तास. या दोन तासांत कुणी बुट्टीला हात लावायचा नाही. थोरला एकदा येतो, लावतो, हातावर उलथनं खातो.

निवल्याशिवाय बांधायचं नाही, यात सगळं आहे. गरम भाकरी डब्यात कोंडली की वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन परत खाली पडते. जे पाणी तव्यानं काढलं ते डब्यानं परत दिलं. प्लास्टिकच्या पिशवीत तर सकाळपर्यंत कडेला तार सुटते. म्हणून सुती फडकं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचे चौकोन, कालच उकळून वाळवलेले. काकूंची पद्धत अशी, की फडकं आत, वर्तमानपत्र बाहेर. छापील कागद अन्नाला थेट लागू द्यायचा नाही. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2016 साली आणि पुन्हा 2023 साली हेच बजावलंय, शाई पोटात जाते म्हणून. काकूंचं कारण वेगळं आहे. "धपाट्यावर मंत्र्याचं त्वांड उमटतंय."

आता कडक भाकरी. पापडासारखी पातळ, थापताना तळहाताखाली दिसेनाशी होणारी. तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी उभी. निखाऱ्याच्या धगीनं ती हळूहळू वाळते, मध्येच टक्कन आवाज करते. सोलापूरकडे हिची पाकिटं विकायला असतात. एक मोडून देतात मला. काचेसारखी तुटते, जिभेवर जोंधळा आणि धूर. ही महिनाभर हलत नाही. खाताना चटणी, तेल, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

दुपारचे दोन. पडवीचा पत्रा तापलाय. माझ्या मानेवरून घाम उतरतो. काकूंच्या कपाळावर एक थेंब नाही, की असून मला दिसत नाही. शेंगदाणे भाजून, सोलून, उखळात. निम्मे लसूण-तिखटाबरोबर कुटून चटणीला, निम्मे गुळाबरोबर लाडवाला. चटणी इतकी कुटायची की दाण्याचं तेल बाहेर यावं. मुठीत धरली की मुटका व्हावा. कारळ्याची चटणी काळी, कोरडी, वेगळ्या डबीत. डाळं आणि गहू भाजून दळलेलं सातूचं पीठ पिशवीत, सोबत किसलेला गूळ. "बाटलीतलं पाणी घाल, कालव, पी. चूल नको, चमचा नको." शेवटी भडंग. चुरमुऱ्यांवर लसणाची, कढीपत्त्याची फोडणी. सगळी पडवी शिंकते.

कोपऱ्यात लोणच्याची बरणी उलटी उभी आहे, कागदावर. काल रात्रीपासून. मी सरळ करायला जाते तर काकू ओरडतात. मग स्वतः उचलतात, कागद उजेडात धरतात. तेलाचा डाग नाही. म्हणजे बरणी जाणार. गेल्या खेपेला ही परीक्षा झाली नव्हती. लिंबाचं लोणचं भोपाळच्या अलीकडे पाझरलं आणि युनिफॉर्मची इस्त्री केलेली जोडी घेऊन बसलं. थोरला तो किस्सा सांगताना अजून कळवळतो. काकू मात्र म्हणतात, "लोणचं चांगलं हुतं."

चार वाजता बांधाबांध. तीन फडकी. तीन गाठी. पहिल्या फडक्यात धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी, दोन लिंबं. ते 'आजचं'. दुसऱ्यात गुळाच्या दशम्या आणि उरलेली धपाटी, कारळ्याची चटणी. ते 'उद्याचं'. तिसऱ्यात कडक भाकरी, डब्यात घालून, मोडू नये म्हणून भोवती भडंगाच्या पिशव्या. ते 'परवाचं'. आजच्या गाठीला एक दोरा, उद्याच्या गाठीला दोन, परवाच्या गाठीला तीन. वर कांदे, चाकू नाही. तळाला लाडवांचा डबा आणि दोन किलो चटणी.

थोरला ताणकाट्याला पिशवी अडकवतो. आठ किलोला काटा थरथरतो.

"आई, आठ किलो? मी एकटा हाय."

"एकटा कुठला? त्यो हरयाणाचा, आनि त्यो बंगालचा, त्येंनी काय खायाचं?"

बंगालच्याला शेंगदाण्याची चटणी आवडते. तो ती भातावर घेतो. हे सांगताना काकूंच्या आवाजात थोडी कीव असते. बराकीत सुट्टीवरून कुणी परतलं की त्याची पिशवी खाटेवर उलटी होते, थोरला सांगतो. पंजाबच्या पिन्न्या, केरळची केळ्याची काचऱ्यासारखी वेफरं, बिहारचा सत्तू, आणि याची चटणी. सगळं एका वर्तमानपत्रावर. पहिल्या वर्षी हरयाणाच्या पोरानं चटणी चमच्यानं खाल्ली होती आणि रात्रभर नळाशी बसला होता. आता तोच आधी विचारतो, आणली का म्हणून.

संध्याकाळी साडेसात. एसटी स्टँडचं डांबर दिवसाचं ऊन आता परत सोडतंय. फलाटाच्या कठड्यावर बुड टेकवलं की चटका. कर्ण्यातून गाड्यांची नावं येतात. आजरा, चंदगड, नेसरी, कोल्हापूर. शब्द अर्धे, घरघर पूर्ण. रेल्वे या गावात नाही. जो कुणी लांब जातो तो आधी इथं येऊन उभा राहतो.

मी पिशव्या बघत फिरते. चेहऱ्यांपेक्षा पिशव्या जास्त बोलतात. मुंबईच्या गाडीखाली तांदळाची पोती, आजऱ्याचा घनसाळ असणार, वास येतोय. दोन कॉलेजातल्या मुली, पाठीवर सॅक आणि हातात मात्र आईनं दिलेली वायरची पिशवी. लाजून ती सॅकच्या मागे धरलीय. एक म्हातारी फडक्याची गाठ मांडीवर घेऊन बसलीय, तान्ह्या बाळासारखी. बाकड्यावर निवृत्त मास्तर, धोतर, टोपी. त्यांना काकूंच्या पिशवीचा वास लागतो.

"कडक भाकरी हाय न्हवं?"

मग त्यांची गोष्ट सुरू होते. ते शिकायला कोल्हापुरात, बोर्डिंगात. शाहू महाराजांनी 1901 पासून जाती-जातींच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली, त्यांतल्या एकात. सोमवारी गावाहून भाकरी घेऊन निघायचं. मंगळवारपर्यंत मऊ. बुधवारी वाकायची नाही. गुरुवारी दगडावर आपटायची आणि आमटीत भिजवायची. "शुक्रवारी बुरा झाडून खाल्लेली हाय," मास्तर सांगतात, अभिमानानं की कसं ते कळत नाही. आज मी बुरा झाडून खाऊ नका म्हणेन. वरचा दिसतो तो झाडला तरी आतले धागे आणि विष तसंच राहतं. पण मास्तर समोर ठणठणीत बसलेत, मी गप्प राहते.

पुण्याची गाडी लागते. फलाटावर एकदम रेटा. खिडकीतून रुमाल, टोपी, वर्तमानपत्र टाकून जागा धरल्या जातात. कंडक्टर खाली उतरून डिकी उघडतो. ट्रंक आत जाते. हिरवी पिशवी आत जाते. बुत्तीच्या पिशवीला हात घालतो तशा काकू पुढे होतात.

"ती वर. मांडीवर."

"आक्का, वर जागा न्हाई."

"डिकीत तापतंय. मांडीवर घ्येईल त्यो."

कंडक्टर पिशवीजवळ नाक नेतो. "चटणी हाय व्हय? जाऊ दे वर."

थोरला पाया पडतो. काकू त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि दुसऱ्या हातानं गाठी चाचपतात. एक दोरा, दोन दोरे, तीन. खिडकीत त्याचा चेहरा येतो. त्याच्या मांडीवर पिशवी, पिशवीवर हनुवटी. गाडी मागे सरकते, शिट्टी, पुन्हा पुढे. धूर. फलाटावर उभ्या बायका पदर नाकाला लावतात, पण तो धुरासाठीच असं नाही.

गाडी फाटकातून वळते. काकू तिथेच उभ्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलते, "आता कोल्हापूर आलं की पहिली गाठ सोडेल."

"छ्या!" काकू माझ्याकडे वळतात. "कोल्हापूरपतोर झोपतोय. पहाटं स्वारगेटला उतरला की वडापाव. दुपारी मित्राबरोबर हाटेल. मला काय ठावं न्हाई व्हय? आजची गाठ उद्या रात्री गाडीत सुटती. दर खेपंला."

मला दुपारचा तवा आठवतो.

"म्हणून तेवढं भाजलं होतं?"

काकू चपला शोधतायत. रेट्यात एक बाकड्याखाली गेलीय. ती पायानं ओढून घेतात, पदर खोचतात.

"चला आता. म्हशीला पानी दावायचं ऱ्हायलंय."